केराबाई या नावाचा अर्थ

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. मला ओळखणाऱ्यांना हे वाक्य वाचूनच हसू फुटेल. न सांगितलेली गोष्ट या माणसाकडे उरलीच कुठं? बहारीनच्या मराठी माणसांत गणपती असो, कोजागिरी असो, कुणाची पन्नाशी असो, माईक माझ्याच हातात असतो. हूऱ्यातल्या आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी चार माणसं जमली की बायको चहाचं आधण ठेवते आणि मी सुरू होतो. कस्टमवाल्यानं माझी चकली हातात धरून अर्धा तास कशी निरखली, बॉसच्या सासऱ्याला मी ड्रायव्हर समजून किल्ली कशी दिली... स्वतःच्या फजित्या तर मी तिखटमीठ लावून विकतो.

मग हीच एक का राहिली? कारण हिच्यात फजिती माझी झाली नाही.

आधी हरणाचं सांगतो. हो, मी आडवळणानं येतोय, ते तुम्हाला कळतंय हेही मला कळतंय — पण येऊ द्या.

आमच्या इव्हेंट कंपनीकडे एका हिवाळ्यात मजेशीर काम आलं. शहराबाहेर वाळवंटाच्या अंगाला एक खाजगी प्राणी उद्यान आहे. तिथल्या 'महा'ला पिल्लू झालं होतं. महा म्हणजे अरबीत ते पांढरंशुभ्र हरीण, काठीसारख्या लांब सरळ शिंगांचं; इंग्रजीत ओरिक्स. (बाळाचं अर्धं नाव ठरलंच आहे, पुढे नुसतं 'राष्ट्र' जोडा, असा विनोद तेव्हा सगळ्या मराठी ग्रुपांवर फिरला. तो माझा.) पाडस मादी होती, मातकट रंगाची, आणि उभं राहताना चारही पाय चार दिशांना जायचे. उद्यानानं ठरवलं, की हिचं नाव लोकांनी सुचवायचं. मॉलमध्ये पेट्या, शाळांत पेट्या. चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि खाली नावाचा अर्थ. मग एका शुक्रवारी उद्यानातच सोहळा. निवडलेली पाच नावं स्टेजवरून वाचायची आणि ज्याला टाळ्या जास्त, ते नाव ठेवायचं.

टाळ्या जोखणार कोण? मी. भारतीय पेट्यांतल्या चिठ्ठ्या चाळणार कोण? तोही मीच.

काय एकेक चिठ्ठ्या होत्या! एका पुणेकर बँकरसाहेबांनी 'शुभ्रकांता' सुचवून खाली व्युत्पत्ती दिली होती, आणि त्याखाली सूचना: उच्चार चुकवू नये. एका पोरानं आपल्या गणिताच्या बाईंचं नाव लिहिलं होतं आणि अर्थाच्या जागी, 'ही पण अंगावर येते.' मी आठवडाभर ऑफिसात चिठ्ठ्या मोठ्यानं वाचत होतो आणि लोक टेबलं सोडून ऐकायला येत होते. मी सुखात होतो. हे लिहायलाच हवं, की मी तेव्हा फार सुखात होतो.

विमलताई त्या उद्यानात चाऱ्याच्या खोलीत कामाला होती. गाजरं चिरायची, गवत तोलायचं, आणि आईनं दूर लोटलेल्या पिल्लाला बाटलीनं दूध पाजायचं. पस्तिशीची असेल. गाव खटाव तालुक्यात. नवरा सित्र्याला एका कारखान्यात फिटर. तो कंपनीच्या कॅम्पवर आठजणांच्या खोलीत, ही आपल्या कंपनीच्या खोलीत दोन फिलिपिनो मुलींबरोबर. नवराबायको एकाच देशात, आणि भेट शुक्रवारची, बागेतल्या बाकावर, डबा उघडून.

सोहळ्याच्या तयारीसाठी मी तिकडे जायचो. एकदा माझ्या तोंडून 'वाईच थांबा' निघून गेलं आणि तिनं लगेच मान वर केली. म्हणाली, दादा, तुम्ही आमच्याकडचं दिसताय. मी म्हणालो, छे हो, मी पुण्याचा. तेव्हा ते खोटं फार छोटं वाटलं होतं.

सोहळ्याच्या दोन दिवस आधी तिनं मला गवताच्या गंजीमागं बोलावलं आणि एक घडी केलेली चिठ्ठी दिली. ती काय बोलली ते मी तिच्या शब्दांत नाही सांगत, मला जमणार नाही. या महाची आधीची दोन पिल्लं गेली होती. पहिल्याचं नाव साहेबलोकांनी 'सुलतान' ठेवलं होतं, दुसरीचं 'अमीरा', म्हणजे राजकन्या. दोन्ही तिच्याच हातातल्या बाटलीवर होती, तिच्याच मांडीवर थंड झाली. आणि तिची स्वतःचीही दोन गेली होती, पोटातच. दोघांची नावं आधीच मोबाइलवर शोधून ठेवली होती, छान, नव्या पद्धतीची. आता तिसरं होतं. तिसरा महिना. नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यानंतर मला सांगत होती.

इथं तिला एक डॉक्टरीण भेटली होती. दर पंधरा दिवसांनी यायचं, गोळी एकही चुकवायची नाही, मग या वेळी होईल, असं तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. कंपनीचा विमा होता, दवाखाना जवळ होता, नवरा शुक्रवारी का होईना दिसत होता. बाळंत होईपर्यंत नोकरी टिकली, व्हिसा टिकला, की झालं. एवढंच तिला हवं होतं. बाकी तिचं मागणं ते नावाचं — गावाकडचं, आपल्याकडचं. चांगलं नाव ठेवलं की नजर जाते, म्हणून असं ठेवायचं की काळालाही उचलावंसं वाटू नये. पाडसाला ते नाव लागलं, पाडस जगलं, तर तिला धीर येणार होता.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: केराबाई.

अर्थाची जागा कोरी होती. म्हणाली, अर्थ इंग्लिशमध्ये तुम्हीच सांगा दादा, तुमाला येतंय बोलायला.

मी म्हणालो, इंशाल्ला. आखातात राहिलेल्यांना सांगायला नको, की हा शब्द बहुतेक वेळा 'नाही'ची सभ्य आवृत्ती असतो. पण मी चिठ्ठी टाकून दिली नाही. उलट पाचांत घेतली. तिच्यासाठी घेतली असं म्हणू का? म्हणता येईल. पण घडी उघडली त्याच क्षणी मला दिसलं होतं, की स्टेजवर हिचं काय करता येईल.

शुक्रवार उजाडला. हवा छान गार होती, कुटुंबंच्या कुटुंबं सतरंज्या घेऊन आलेली. स्टेजच्या कडेलाच कुंपण, कुंपणात पाडस, आणि त्याच्याजवळ बाटली घेऊन विमलताई, नवी ओढणी घेतलेली. उद्यानाचे मॅनेजर, अबू यूसुफ म्हणायचे त्यांना सगळे, माझ्या शेजारी उभे. शांत माणूस. आधीच्या दोन पिल्लांच्या वेळी त्यांनी जेवण सोडलं होतं, असं तिथले लोक सांगायचे.

पहिली दोन नावं वाचली, टाळ्या झाल्या. तिसरी चिठ्ठी. मी नाट्यमय थांबलो — मला थांबता फार छान येतं — आणि म्हणालो, केराबाई!

आणि मग जे झालं ते माझ्या अंदाजात नव्हतं. मागच्या बाजूनं मल्याळी मंडळी उसळली. त्यांच्याकडे 'केरा' म्हणजे नारळ. त्यांना वाटलं, आपल्या गावच्या कुणीतरी आपलंच नाव दिलं. टाळ्या, शिट्ट्या, 'केरा, केरा'चा घोष. त्यांचं बघून फिलिपिनो सुरू झाले, बहारीनी मुलं सुरू झाली. ऐकायला गोड नाव आहे हो ते, अर्थ माहीत नसला तर. अबू यूसुफ हसले. टाळ्या थांबेनात. ती चिठ्ठी जिंकत होती. मी फक्त गप्प बसायचं होतं.

किती सोपं होतं, बघा. गप्प बसायचं.

अबू यूसुफनी माईककडे वाकून विचारलं, अर्थ काय? हजारेक माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी 'अर्थ नंतर सांगतो' म्हणू शकलो असतो. खरा अर्थ सांगू शकलो असतो, दोन वाक्यांचा होता. मी इंग्रजीत म्हणालो, की आमच्या भाषेत घर झाडल्यावर जे बाहेर फेकतात त्याला केर म्हणतात. मग बोटानं पाडसाकडे दाखवलं — लेडीज अँड जंटलमेन, मिस कचरा!

असा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता.

त्या हशातच विमलताई स्टेजच्या कडेशी आली. माईक तिच्यापासून लांब होता, तिचं बोलणं फक्त माझ्यापर्यंत पोचलं.

"दादा, सांगा की त्यांना, कशापायी ठेवत्यात त्ये."

अबू यूसुफनी विचारलं, काय म्हणतेय ती?

इथं आहे ते. याच्यासाठी एवढं आडवळण. मी माईक तोंडाशी धरला आणि भाषांतर केलं: ती म्हणतेय, सर, हिच्यामागचा केर काढून काढून मी थकले, तर दुसरं काय नाव देऊ?

लोक पोट धरून हसले. आणि ती... तीही हसली. तिला इंग्रजी कळत नव्हतं. समोरचे हसतात म्हणून आपण हसतो तसं हसली, आणि माझ्याकडे बघून हात जोडले. तिला वाटलं, मी सांगितलं.

मग केराबाई कोण ठेवणार? नाव 'लुलुआ' ठरलं. म्हणजे मोती. सगळे खूश झाले.

कुणीतरी मोबाइलवर घेतलेली क्लिप त्याच दिवसापासून फिरू लागली. मिस कचरा! मला अनोळखी लोक फोन करून हसायचे. दोन मंडळांनी पुढच्या कार्यक्रमांचं निवेदन माझ्याकडे दिलं. विमलताईला तिच्या खोलीतल्या फिलिपिनो मुलीनं ती क्लिप दाखवली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून सांगितली. तेव्हा तिला कळलं, मी काय सांगितलं होतं.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ म्हणता आलं असतं, की जीभ घसरली, स्टेजची नशा होती. मी स्वतःला बरेच महिने तसंच म्हणत होतो. पण आठवड्याभरानं अबू यूसुफनी मला त्यांच्या ऑफिसात बोलावलं, आणि तिथं स्टेज नव्हतं, माईक नव्हता, हसायला कुणी नव्हतं. समोर आल्याचा चहा होता आणि एक सभ्य माणूस होता.

ते म्हणाले, वरची माणसं नाराज आहेत. जिच्या हातात पिल्लू दिलं तीच त्याला कचरा म्हणते, तिच्या मनात काय असेल? आधीची दोन तिच्याच हातात गेली, असंही कुणी बोललं. तिला काढा म्हणतायत. मग त्यांनी जे विचारलं ते मला अक्षरशः पाठ आहे.

"केदार, खरं सांग. नजरेचं काही होतं का ते? माझ्या आजीची मुलं जगत नव्हती. म्हणून माझ्या काकांचं नाव तिनं मुद्दाम वाईट ठेवलं होतं. तुमच्याकडे असतं का तसं काही?"

कळतंय ना तुम्हाला? उत्तर त्यांनीच ताटात वाढून माझ्यापुढे ठेवलं होतं. मी फक्त मान हलवायची होती. शब्दही नको होता.

"नाही, सर," मी म्हणालो. "आमच्याकडे असलं काही नसतं."

आमच्याकडे.

माझ्या आईचे पहिले दोन मुलगे पाळण्यातच गेले. मी झालो तेव्हा आत्यानं मला उचललं, घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि मग 'केरात पोर सापडलं बाई, कुणाला हवंय का' म्हणत दारात आली. आईनं सूपभर कोंडा देऊन मला तिच्याकडून विकत घेतलं. नाव ठेवलं केरू. शाळेच्या दाखल्यावर केरू, हजेरीत केरू. मास्तर केरू म्हणून हाक मारायचे आणि वर्ग झाडू मारल्याचा आवाज काढायचा. एकोणिसाव्या वर्षी मी गॅझेटमध्ये अर्ज देऊन केदार झालो. गाव माण तालुक्यात, विमलताईच्या गावापासून एसटीनं दीड तास. बायकोला वाटतं, आई फोनवर मला केरू म्हणते ते केदारचं लाडाचं रूप आहे. मी तिला तसं वाटू दिलंय, बावीस वर्षं.

मला अर्थ माहीत होता का, हा प्रश्नच नव्हता. त्या अर्थामुळं मी इथं बसून हे लिहितोय. आईचा भाबडेपणा म्हणा, काही म्हणा, पण तिच्या मनात तो अर्थ होता, आणि त्या नावासकट तिनं मला वाढवलं. अबू यूसुफना 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी पुढे विचारलं असतं, तुला कसं माहीत? विचारलं असतंच असंही नाही. पण मला ती शक्यताही नको होती. मी चहा संपवला, दारात त्यांना एक किस्सा सांगितला, ते कसनुसे हसले, आणि मी निघालो.

विमलताईला पाडसापासून काढून स्टोअरमध्ये टाकलं. पोती उचलायचं काम. तिनं आपली अवस्था कुणाला सांगितली नाही, कारण सांगितलं तर कंत्राट पुढे वाढणार नाही असं तिला वाटत होतं. एप्रिलमध्ये कंत्राट संपलं आणि ते तसंही वाढलं नाही. व्हिसा गेला, विमा गेला, डॉक्टरीण गेली. नवऱ्याच्या पगारात बायकोला ठेवून घेण्याचा व्हिसा बसत नव्हता. पाचवा महिना होता तिचा.

जायच्या आधी ती मला एकदाच दिसली, उद्यानाच्या पार्किंगमध्ये. मी बॅनर उतरवायला गेलो होतो. ती भांडायला येईल, रडेल, शिव्या देईल, असं वाटून मी गाडीची किल्ली हातात घट्ट धरली होती. ती जवळ आली आणि एवढंच म्हणाली, "दादा, मला वाटलं तुम्ही सांगितलंत."

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, अहो ताई, लोकांना हसवावं लागतं, त्याचेच पैसे घेतो आपण. तिनं मान डोलावली, जणू हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

लुलुआ जगली. अजून आहे. मोठी झाली, शिंगं आली, तिलाही आता पिल्लू होणार म्हणतात. पुष्कळ दिवस मी यावरच तगून होतो — बघा, इतकं छान नाव ठेवूनही जगली, नावानं काही होत नसतं! खरंच आहे ते. विमलताईच्या नोकरीचं, व्हिसाचं, विम्याचं जे झालं ते कुठल्या नावानं केलं नव्हतं. मी केलं होतं, दोन वेळा तोंड उघडून.

जूनमध्ये तिचा मेसेज आला. मराठीत, एका बोटानं टाइप केलेला असावा, शब्द चिकटलेले. दादा, मुलगी झाली, सातव्यात झाली. साताऱ्याला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलीय. नाव चांगलंच ठेवलंय, कुणी हसायला नको.

मला तो का पाठवला असेल? इथल्या ओळखीच्यांत मीच एक तिच्या भागातला, असं तिला अजून वाटत असेल का? की आणखी काही? मी फार विचार केला नाही. फुलांचा एक गुच्छ पाठवला, ते चित्र असतं ना तयार, ते. खाली लिहिलं, अभिनंदन. दोन निळ्या खुणा आल्या. पुढे काही आलं नाही.

त्याला आता दोन वर्षं होतील. तिच्या नवऱ्याला मी गेल्या हिवाळ्यात पाहिलं, सित्र्याच्या वळणावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा होता, डबा हातात. सिग्नल लाल होता. माझ्या गाडीपासून तो चार पावलांवर. त्यानं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. तो माझ्याकडेच बघत होता. मी काच खाली केली नाही. रेडिओचा आवाज मोठा केला आणि समोर बघत राहिलो.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. नाव कोणतं ठेवलं, मला माहीत नाही. पोर पेटीतून बाहेर आलं का, तेही माहीत नाही. मी विचारलेलं नाही.